वाहती शाई, टिकणारी शाई: बोरूपासून प्रिंटरच्या हेडपर्यंत

साहित्याचा इतिहास शिकताना आणि शिकवताना आपण ग्रंथ, ग्रंथकार, प्रकाशक आणि वाचक या चौघांचा विचार करतो. अलीकडे कागदाचा आणि छापखान्यांचाही विचार होऊ लागला आहे. शाईकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. ती वाहत असते तोवर तिचा विसर पडतो, आणि थांबली की आपण केवळ वैतागतो. संशोधनप्रबंध सादर करण्याच्या आदल्या रात्री प्रिंटरमधून पांढऱ्या रेघांनी चिरलेले पान बाहेर येते, दुकानदार ‘हेड चोक झाले’ असे निदान करतो, आणि तो प्रसंग यंत्राच्या खाती मांडून आपण मोकळे होतो. आमच्या मते हा प्रसंग लेखनाच्या इतिहासात मांडायला हवा. शाई तोंडाशी वाळणे ही संगणकयुगाची अडचण नव्हे. लेखणी आहे तेव्हापासून ती आहे, आणि प्रत्येक काळाने तिच्यावर काढलेला तोडगा त्या काळच्या लेखनाच्या आयुर्मानावर परिणाम करून गेला आहे.

शाईकडून माणूस मुळात दोन विरुद्ध गोष्टींची अपेक्षा करतो. लेखणीच्या तोंडाशी ती ओली राहावी आणि कागदावर टेकताच वाळावी, ही पहिली जोडी. ती सहज वाहावी आणि शंभर वर्षे टिकावी, ही दुसरी. सहज वाहणारी शाई बहुधा विरघळलेल्या रंगाची असते. ती पाण्याने पसरते आणि उन्हाने विटते. टिकणारी शाई बहुधा न विरघळणाऱ्या सूक्ष्म कणांची असते. ते कण खाली बसतात, साचतात आणि वाट अडवतात. या ओढाताणीची कथा सांगण्यासाठी आम्ही बुलढाणा जिल्हा निवडला आहे. मराठी गद्यातील एक अत्यंत धारदार पुस्तक जिच्या हातून उतरले ती लेखिका याच गावची. आणि शाई वाळवणारे ऊन, वाट अडवणारे पाणी, अवेळी जाणारी वीज ही तिन्ही या जिल्ह्याच्या परिचयाची आहेत.

आपली जुनी शाई काजळाची. तेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ आणि डिंक पाण्याबरोबर खलात तासन्‌तास घोटायचे, हे तिचे सार. या घोटण्याला कारण होते. काजळ पाण्यात विरघळत नाही, फक्त तरंगत राहते. कण जितके बारीक आणि डिंकाचे वेष्टण जितके एकसारखे, तितकी शाई अधिक काळ एकजीव राहते. हयगय झाली तर दौतीच्या तळाशी गाळ बसतो आणि वर नुसते मळकट पाणी उरते. म्हणून दौतीत चिंधी किंवा कापसाचा बोळा ठेवीत. तो शाई धरून ठेवी, बोरूला बेताचीच शाई लागू देई, आणि दौत कलंडली तरी सांडलवंड कमी होई. उन्हाळ्यात दौत सुकली तर पाण्याचे चार थेंब घालून ती पुन्हा जागी करता येई, कारण डिंक पाण्यात परत विरघळतो. हा शेवटचा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. लेखाच्या उत्तरार्धात त्याची गरज पडणार आहे.

बोरूच्या टोकाला उभी चीर दिलेली असे. त्या चिरेतून शाई खाली उतरे, आणि चीर काजळाने बुजली की लेखक चाकूने नवे टोक काढी. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. समर्थ तेथे केवळ वळणदार अक्षराचा उपदेश करून थांबत नाहीत. ठिकठिकाणचे बारीक, सरळ बोरू जमवायला सांगतात, चाकू आणि कात्र्याही मोजतात. लेखन ही हत्यारे निगुतीने राखण्याची विद्या आहे, हे त्यांनी गृहीतच धरले आहे. लिहिणारा आणि लेखणी दुरुस्त करणारा यांच्यात तेव्हा भेद नव्हता.

हे जग एकोणिसाव्या शतकात बुलढाण्याच्या कचेरीत पोहोचले तेव्हा बदलू लागले होते. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे झाले, आणि ठाणे म्हटले की कारकून, अर्ज, नकला आणि दप्तरे आलीच. बापूजी हरी शिंदे हे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांची कन्या ताराबाई. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करण्यात आली. पण वृत्तपत्रांतून एकंदर स्त्रीजातीवरच आगपाखड झाली. तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. ते १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. पुस्तकाची निंदा झाली. १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात महात्मा फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही, आणि मराठी वाचक त्यांना विसरला. १८८२ पासून त्र्याण्णव वर्षांनी, १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रकाशात आणले. रोझलिंड ओहॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद १९९४ चा.

या पुनरागमनाचे श्रेय संशोधकाचे, यात शंका नाही. पण त्र्याण्णव वर्षांनी वाचण्याजोगे काही शिल्लक राहिले याला शाईचाही हातभार आहे. छापखान्याची शाई म्हणजे काजळी आणि जवसाचे उकळून घट्ट केलेले तेल. ती पाण्याची वाफ होऊन वाळत नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तेल हळूहळू कठीण होते. त्यामुळे खिळ्यांवर आणि रुळांवर ती कामापुरती ओली राहते, आणि कागदावर बसल्यावर कायमची धरते. वाहणे आणि टिकणे यांची सांगड छापखान्याने तेलाच्या बळावर घातली होती. त्या काळची छापील पुस्तके आज हाताळताना तुकडे पडतात ते कागदाचे. अक्षर काळेभोर असते. मराठी मुद्रणाच्या आरंभी या तेलकट शाईत चरबी असेल या भयाने सोवळे लोक छापील पोथीला शिवत नसत, आणि १८३१ साली पंचांग छापणाऱ्या गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी तुपातली शाई वापरली, अशी आख्यायिका आहे. तिच्या खरेखोटेपणात न शिरताही एक गोष्ट निघते: शाई कशाची आहे हा प्रश्न मराठी वाचकाला एके काळी महत्त्वाचा वाटत होता.

छापखान्यात सुटलेला पेच हाताच्या लेखणीत मात्र कायम होता. पोलादी निबाचा टाक आला, मागोमाग पोटात शाई बाळगणारे फाउंटन पेन आले. वॉटरमनचे पेटंट १८८४ चे. या पेनांत हवा आत आणि शाई बाहेर नेणाऱ्या केसासारख्या वाटा असतात, आणि काजळाची डिंकयुक्त शाई त्यांत गेली की पेन संपलेच. त्यामुळे पेनासाठी विरघळलेल्या रंगाच्या शाया रूढ झाल्या. सहस्रकापूर्वीपासून चालत आलेले काजळ मराठी लेखकाच्या दौतीतून असे हद्दपार झाले. मोबदल्यात सोय मिळाली, पण किंमतही मोजावी लागली: जुन्या पत्रव्यवहारावर पाण्याचा थेंब पडला की मजकुराचा निळा डाग होतो. १९३८ साली हंगेरीच्या लास्लो बिरो या पत्रकाराने बॉलपेनाचे पेटंट घेतले, तेही छापखान्याच्या वाटेने जाऊन. त्यातील शाई पातळ पाण्याची नसून तेलकट आणि घट्ट आहे.

आता प्रिंटरकडे येऊ. लेखणी कागदाला न टेकवता शाईचे थेंब फेकून लिहावे, ही कल्पना वाटते त्यापेक्षा जुनी आहे. समुद्राखालच्या तारेतून येणारा संदेश इतका क्षीण असे की लेखणीचे कागदावरचे घर्षणही त्याला पेलत नसे. म्हणून विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन, यांनी १८६७ च्या सुमारास काचेच्या बारीक नळीतून विद्युतभारित शाई कागदावर उडवणारे यंत्र रचले. १८७० साली मुंबई समुद्री तारेने विलायतेशी जोडली गेली, आणि अशा तारांच्या ठाण्यांवर ही यंत्रे पुढे काम करू लागली. बापूजी शिंद्यांच्या पिढीतच हे घडले आहे. बुलढाण्यात बोरू आणि टाक चालत असताना दूर समुद्रकाठी शाई न टेकता लिहू लागली होती.

घराघरांतला प्रिंटर मात्र १९७० आणि १९८० च्या दशकांतला. १९७७ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीचे इचिरो एन्दो यांच्या प्रयोगशाळेत झाळण्याची तापलेली सळई शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा, बुडबुड्याने थेंब, हे तत्त्व त्यातून पुढे आले. अमेरिकेत हेवलेट-पॅकार्डचे संशोधक स्वतंत्रपणे त्याच तत्त्वावर पोहोचले; त्यांचा थिंकजेट १९८४ मध्ये बाजारात आला. एप्सनने उष्णता टाळून विजेने आकार बदलणाऱ्या स्फटिकाच्या धक्क्याने थेंब ढकलण्याची रीत पत्करली.

या यंत्रांतील छिद्रांचा व्यास साधारण वीस ते तीस मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहून कमी, आणि अशी छिद्रे शेकड्यांनी. बोरूची चीर बुजण्याचा जुना प्रश्न येथे शेकडो पटींनी वाढून उभा राहिला. त्याला दोन उत्तरे निघाली. थिंकजेटची परंपरा म्हणाली: छिद्रे शाईच्या डबीलाच लावा, आणि शाई संपली की छिद्रांसकट डबी फेका. बोथट बोरू टाकून नवा घेण्यासारखेच हे, फक्त हा बोरू महाग. दुसरी परंपरा म्हणाली: हेड यंत्रात कायमचे बसवा, शाई तेवढी बदला, आणि हेडची निगा राखा. २०१० नंतर बाहेरून बाटलीने शाई भरायच्या टाकीचे प्रिंटर भारतात पसरले. त्यांत पान स्वस्त पडते, म्हणून तालुक्याच्या गावातील झेरॉक्सच्या दुकानांत आणि शाळांच्या कार्यालयांत ते मोठ्या संख्येने दिसतात. त्यांच्याबरोबर दौत भरण्याची क्रिया परत आली, पण दौत राखण्याची सवय परत आली नाही.

हेड का चोक होते, हे समजले की निगा आपोआप समजते. प्रिंटरची शाई बहुतांश पाणी असते. ते उडून जाऊ नये म्हणून तीत ग्लिसरीन किंवा ग्लायकोलसारखे ओल धरणारे द्रव मिसळतात. छपाई थांबली की हेड एका कडेला जाऊन रबरी टोपणावर विसावते. हे दौतीचे झाकण. अधूनमधून यंत्र थोडी शाई बाहेर टाकते. हा टाकाचा झटका. ही व्यवस्था बिघडली की छिद्रांच्या तोंडाशी पाणी उडते आणि रंग घट्ट होतो. बुलढाण्यात ती बिघडण्याची कारणे पुस्तकात शोधावी लागत नाहीत. डोंगरमाथ्यावरचे बुलढाणा शहर त्यातल्या त्यात थंड. पण घाटाखाली खामगाव, मलकापूर, शेगाव या पट्ट्यात मे महिन्याची हवा तापलेली आणि कोरडी असते. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनच्या अखेरीकडे उघडतात, म्हणजे कार्यालयातला प्रिंटर दीडदोन महिने निजून असतो. शिवाय छपाई चालू असताना वीज गेली तर हेड पानाच्या मध्यावर, उघड्या तोंडाने अडकून राहते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत हे ग्रामीण महाराष्ट्रात वारंवार घडू शकत होते, आणि आजही वळवाच्या पावसात घडते.

प्रतिबंध यावरूनच ठरतो. आठवड्यातून एकदा तरी सर्व रंग असलेले एक पान छापावे. सुट्टीतही कुणावर तरी ती जबाबदारी सोपवावी. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा आणि हेड कडेला जाऊन बसेपर्यंत थांबावे. भिंतीवरचे बटण आधी दाबले तर झाकण लागण्यापूर्वीच प्राण जातो. वीज मध्येच गेली असेल तर ती येताच प्रिंटर चालू करून रीतसर बंद करावा. यंत्र खिडकीच्या उन्हात किंवा पंख्याच्या थेट झोतात ठेवू नये आणि धूळ बसू नये म्हणून झाकून ठेवावे. टाकीतली शाई खुणेच्या खाली जाऊ देऊ नये, कारण नळीत हवा शिरली की छिद्र मोकळे असूनही रेघ तुटते. उष्णतेवर चालणारे हेड कोरडे चालवले तर आतला तापक जळतो, आणि त्याला मग इलाज नाही.

एवढे करूनही चोक झालेच तर घाई करू नये. प्रथम छिद्रे तपासण्याचा नमुना छापून कोणता रंग तुटतो ते पाहावे. मग यंत्राची स्वच्छता दोनदा, फार तर तीनदा चालवावी. वारंवार चालवल्याने शाई वाया जाते आणि ती शोषणारा आतला बोळा भरून जातो. त्यानंतर यंत्र रात्रभर तसेच राहू द्यावे. ताजी शाई वाळलेल्या शाईला हळूहळू सोडवते, आणि नळीतले बुडबुडेही बऱ्याचदा वर निघून जातात. सुकलेली दौत चार थेंबांनी जागी होते, त्यातलेच हे तत्त्व. तरीही भागले नाही तर पाणी. पण कोणते? पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा बुलढाणा जिल्ह्यातही शिरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूच्या विहिरींचे पाणी क्षारयुक्त आहे. असे पाणी छिद्रात वाळले तर शाईच्या जागी क्षार बसतो आणि रोगापेक्षा औषध भारी होते. म्हणून केवळ शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, घ्यावे. डबीलाच हेड असेल तर धागे न सुटणारे कापड कोमट पाण्याने ओलावून छिद्रांची बाजू त्यावर काही मिनिटे टेकवावी आणि टिपून घ्यावी. घासू नये, आणि तांबड्या संपर्कपट्ट्यांना बोट लावू नये. हेड कायमचे असेल तर ओलसर कागदाची घडी त्याखाली सरकवून काही तास ठेवता येते. सुई घालणे, सिरिंजने जोर लावणे, नखांचा रंग काढण्याचे द्रव ओतणे यांनी छिद्रच कामातून जाते.

इतके सांगितल्यावर एक सल्ला द्यायलाच हवा: महिन्यातून चार पाने छापणाऱ्याने हा व्याप करूच नये. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते, कोरडी भुकटी असते. ती महिनोन्‌महिने पडून राहिली तरी वाळण्याचा प्रश्न येत नाही.

पण शाईचा प्रिंटर ज्यांच्याकडे आहे, आणि जे त्यावर जपण्यासारखे काही छापतात, त्यांच्यापुढे जुना पेच अजून उभा आहे. स्वस्त रंगीत छपाईची शाई बहुधा विरघळलेल्या रंगाची असते. ती हेडला जाच देत नाही, पण ओल्या हाताने पसरते आणि उन्हात विटते. १९९० च्या दशकापासून घरगुती प्रिंटरांत काळी शाई कणांची मिळू लागली, आणि तो कण म्हणजे कार्बनच, आपले काजळ. खलात घोटण्याचे काम आता रसायने करतात, डिंकाच्या जागी दुसरे वेष्टण आहे, पण काजळ लेखनात परत आले आहे. त्याबरोबर त्याचा जुना स्वभावही आला: ही शाई टिकते, आणि दुर्लक्ष केले तर अडते.

हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना आम्ही का सांगावे? जिल्ह्याच्या ठिकाणी आज काय काय छापले जाते ते पाहावे. जात्यावरच्या ओव्यांचे संकलन, बोलीतील शब्दांच्या याद्या, महाविद्यालयाचे भित्तिपत्रक, प्रबंधाची प्रत, एखाद्या शिक्षिकेने मोठ्या छापखान्यापर्यंत न पोहोचलेले पाच-पंचवीस प्रतींचे पुस्तक. यांतले बरेचसे ग्रंथालयाच्या नोंदीत जात नाही. ताराबाईंच्या पाचशे प्रतींपैकी एखादी कुठल्या तरी कपाटात तग धरून होती, म्हणून मालशे यांना ती वाचता आली. आजच्या पाच-पंचवीस प्रतींतली एक २१०० साली कुणाच्या हाती लागली, तर तिच्यावर अक्षर असेल की पुसट निळसर छटा, हे आज यंत्रात कोणती शाई भरली आहे यावर ठरणार आहे. टिकणारी शाई भरायची तर आठवड्याला एक पान छापण्याचा नेम पाळावा लागेल, आणि जपायची प्रत कोणत्या शाईत काढली हे तिच्या मागच्या पानावर लिहून ठेवावे लागेल. बोरू तासणाऱ्याला ही निगा लेखनाचाच भाग वाटत होती. आपण ती यंत्राकडे सोपवली आहे, आणि यंत्र त्यातले अर्धेच काम करते.